ऑपरेशनची तारीख आणि जोखमीचा हिशेब

‘केस हाय रिस्क आहे, इथे सही करा.’ मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हे वाक्य ऐकावे लागले नाही, अशी कुटुंबे आता थोडीच असतील. सही बहुधा मुलाची, जावयाची नाहीतर भावाची असते. रुग्ण आत खाटेवर उपाशीपोटी पडून असतो. जोखीम म्हणजे नेमकी कशाची, किती आणि ती कमी करण्यासाठी काही करता आले असते का, हे विचारण्याची ती वेळ नसते. पैसे भरलेले असतात, रक्ताची सोय झालेली असते, गावाहून माणसे येऊन थांबलेली असतात. अशा वेळी पेन खाली ठेवणारा नातेवाईक विरळाच.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत ही रीत विशेष खटकते. कारण यातली बहुतांश ऑपरेशन्स अपघातासारखी अचानक अंगावर येत नाहीत, ती ठरवून होतात. कोलोनोस्कोपी, बायोप्सीचा अहवाल, सीटी स्कॅन, डॉक्टरांची चर्चा, योजनेची कागदपत्रे, मग तारीख. निदान आणि ऑपरेशन यांच्यामध्ये काही आठवडे जातातच. या आठवड्यांत रुग्णाची जोखीम मोजता येते आणि तिचा काही भाग कमीही करता येतो. ती आदल्या संध्याकाळी सांगितली, तर उपयोग फक्त रुग्णालयाच्या फायलीला होतो. निदानाच्या पहिल्या आठवड्यात सांगितली, तर रुग्णाला होतो. आपल्याकडे जोखमीचे मूल्यमापन चुकीच्या दिवशी होते आणि तो दिवस बदलण्यासाठी फारसा खर्चही येत नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

सरासरी कोणाचीच नसते

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात मोठे आतडे आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. भारतातली संख्या ७० हजारांच्या आसपास आहे. लोकसंख्येच्या मानाने आपले प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरेच कमी आहे, पण आकडा लहान नाही. रोग दूरवर पसरला नसेल तर उपचाराचा कणा शस्त्रक्रिया हाच असतो. आतड्याचा रोगट भाग जवळच्या लसिका ग्रंथींसह काढायचा आणि उरलेली दोन टोके एकमेकांना जोडायची, असे तिचे साधे स्वरूप.

खरी धाकधूक असते ती त्या जोडाची. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत जोड गळला, तर आतड्यातला मैला पोटात उतरतो आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. वरच्या आतड्याच्या जोडात हे साधारण शंभरातील तीन ते सहा रुग्णांत घडते. गुदाशयाच्या अगदी खालच्या जोडात हे प्रमाण दहाच्या घरात किंवा त्याहून वर जाते. याशिवाय न्यूमोनिया, हृदयावरचा ताण, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी, जखमेत पू, मूत्रपिंडांवर परिणाम आणि वयस्कर रुग्णांत ऑपरेशननंतर होणारा भ्रम ही यादी आहेच.

ठरवून केलेल्या ऑपरेशनचा फायदा किती मोठा असतो, हे इंग्लंड आणि वेल्समधील राष्ट्रीय आतडे कर्करोग पाहणीतून दिसते. तिथे नियोजित शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त नसते. आतडे बंद पडल्यामुळे किंवा फुटल्यामुळे घाईने कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेत ते दहाच्या आसपास पोचते. पण ‘शंभरात दोन-तीन’ ही सरासरी आहे आणि सरासरी कोणाचीच नसते. पन्नाशीच्या, रोज चालणाऱ्या, इतर आजार नसलेल्या माणसाचा धोका हजारात तीन-चार असू शकतो. त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर हृदय कमजोर झालेल्या, वजन उतरलेल्या वृद्धाचा धोका दहात एक असू शकतो. दोघांच्या फायलीत मात्र एकच शिक्का असतो, ‘फिट फॉर सर्जरी’.

‘फिटनेस’चा कागद काय सांगत नाही

आपल्याकडे ऑपरेशनआधी रुग्णाला फिजिशियनकडे ‘फिटनेस’साठी पाठवतात. ईसीजी, छातीचा एक्स-रे, साखर, क्रिएटिनिन, गरज वाटल्यास टूडी एको. मग शेरा येतो. हा शेरा हो किंवा नाही एवढेच सांगतो. किती, हे सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे आता काय करायचे, हेही सांगत नाही.

जोखमीची प्रतवारी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने १९४१ मध्ये रुग्णांचे वर्गीकरण सुचवले गेले. त्याचेच सुधारलेले रूप ‘एएसए ग्रेड’ म्हणून आज जगभर वापरले जाते. निरोगी माणूस पहिल्या वर्गात, सौम्य आजार असलेला दुसऱ्या, गंभीर आजाराचा तिसऱ्या, जिवाला सतत धोका असलेला चौथ्या. सोपे आणि उपयोगी आहे, पण ढोबळ. एकाच रुग्णाला दोन डॉक्टर दोन वेगळे वर्ग देतात, असेही घडते.

१९९१ मध्ये ब्रिटनमध्ये ग्रॅहम कोपलँड आणि सहकाऱ्यांनी ‘पॉसम’ ही गुणपद्धती मांडली. रुग्णाच्या प्रकृतीचे १२ आणि शस्त्रक्रियेचे ६ घटक घेऊन त्यातून मृत्यू आणि गुंतागुंतीची शक्यता काढायची, अशी ती रीत. कमी जोखमीच्या रुग्णांत ती धोका वाढवून सांगते असे दिसल्यावर १९९८ मध्ये पोर्ट्समथ येथे सुधारित आवृत्ती तयार झाली. २००४ मध्ये खास आतडे आणि गुदाशयाच्या शस्त्रक्रियांसाठी आणखी एक आवृत्ती आली. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने २०१३ मध्ये १४ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले गणकयंत्र इंटरनेटवर कोणालाही वापरता येईल असे खुले केले. वय, वजन, मधुमेह, धूम्रपान, दम, मूत्रपिंडाची स्थिती अशी वीसेक माहिती भरली की न्यूमोनिया, जखमेचा संसर्ग, पुन्हा ऑपरेशन, मृत्यू अशा प्रत्येक गोष्टीची टक्केवारी समोर येते. याला पाच-सात मिनिटे लागतात.

या आकड्यांच्या मर्यादा आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. ते ब्रिटन-अमेरिकेतल्या रुग्णालयांतून आलेले आहेत. आपल्या वॉर्डात रात्री किती परिचारिका असतात, आयसीयूत खाट मिळते का, हे त्या गणितात नाही. म्हणून आकडा ब्रह्मवाक्य मानू नये, बोलणे सुरू करण्याचे साधन मानावे. आपल्या रुग्णालयांनी आपले निकाल नोंदवायला लागावे, हेही त्यातून निघते. देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने काम करत आहे. अशा नोंदींसाठी लागणारी चौकट त्यामुळे उपलब्ध आहे.

डोळ्यांचा अंदाज फसतो

अनुभवी डॉक्टर रुग्णाकडे पाहून सांगतात, ‘हे झेपेल’ किंवा ‘हे झेपणार नाही’. या नजरेला किंमत आहे, पण ती किती विश्वासार्ह आहे हे तपासले गेले आहे. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील २५ रुग्णालयांतल्या १,४०१ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. भूलतज्ज्ञांनी बोलून-पाहून रुग्णाच्या दमसासाचा अंदाज बांधला आणि नंतर तो सायकल चालवून प्रत्यक्ष मोजला गेला. ज्यांचा दमसास खरोखर कमी होता, त्यांपैकी जेमतेम पाचात एक रुग्ण डॉक्टरांच्या नजरेने ओळखला. बाकीचे ‘ठीक’ म्हणून पुढे गेले.

दमसास एवढा महत्त्वाचा का? मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस शरीराची प्राणवायूची मागणी वाढलेली असते. हृदय आणि फुप्फुसांना विश्रांतीच्या काळातही चढ चढल्यासारखे काम करावे लागते. ज्याच्याकडे राखीव ताकद नाही, तो तिथे कमी पडतो. ऑस्ट्रेलियात पॉल ओल्डर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी १८७ वयस्कर रुग्णांची सायकलवर अशी चाचणी केली. ठरावीक पातळीच्या खाली असलेल्या ५५ रुग्णांपैकी १८ टक्के हृदय-रक्ताभिसरणाच्या कारणाने दगावले, त्या पातळीच्या वर असलेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. त्यानंतर भूलशास्त्र आणि अतिदक्षता दोन्ही सुधारले. आज इतके टोकाचे अंतर दिसेलच असे नाही, पण दिशा तीच आहे.

मुखवटा लावून सायकल चालवण्याची ही चाचणी आपल्याकडे मोजक्या मोठ्या रुग्णालयांत होते. तिच्यावाचून अडून राहण्याची गरज नाही. ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर आणि घड्याळ असले की सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो हे कुठल्याही जिल्हा रुग्णालयात मोजता येते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाची १२ प्रश्नांची यादी १९८९ पासून उपलब्ध आहे आणि २०१८ च्या त्याच अभ्यासात तिने डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा चांगले भाकीत केले. त्या यादीत गोल्फ आणि स्कीइंग आहे. ते आपल्या रुग्णाला विचारून काही कळणार नाही. त्याऐवजी एक जिना न थांबता चढता का, पाण्याची भरलेली कळशी उचलता का, शेतापर्यंत चालत जाता का, स्वतःचे कपडे धुता का, असे विचारावे लागेल. असे प्रश्न मराठीत नीट बसवून तपासून घेणे, हे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला शोभेल असे काम आहे.

वयाबद्दलही हेच. ‘सत्तरी उलटली, आता कशाला ऑपरेशन’ हे वाक्य घरातूनही येते आणि कधीकधी दवाखान्यातूनही. वय आणि जीर्णता यांत फरक आहे. कॅनडातील केनेथ रॉकवूड यांनी २००५ मध्ये मांडलेल्या श्रेणीत रुग्ण स्वतः काय काय करू शकतो यावरून जीर्णता ठरते. रोज मंदिरात चालत जाऊन येणारी ८० वर्षांची आजी आणि आंघोळीला मदत लागणारे ६५ वर्षांचे काका यांत अधिक जोखीम काकांना आहे. उलट बाजूही आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ८०० रुग्णांच्या एका अहवालात या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हे फार कमी आहे. तरुण दिसतो म्हणून तपासणी उरकून टाकली, तर सहा महिन्यांत घटलेले दहा किलो वजन आणि आठवर आलेले हिमोग्लोबिन नजरेतून सुटू शकते.

मधल्या आठवड्यांत काय होऊ शकते

जोखीम मोजायची ती बदलण्यासाठी. चार आठवड्यांची पूर्वतयारी करून घेतल्यास काय होते, याची एक महत्त्वाची चाचणी २०२३ मध्ये ‘जामा सर्जरी’त आली. आतड्याच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि गरज असल्यास धूम्रपान सोडण्यास मदत मिळाली. दुसऱ्याला नेहमीची सेवा. गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण पहिल्या गटात १७ टक्के आणि दुसऱ्यात जवळपास ३० टक्के आढळले. एका चाचणीवरून शेवटचा निवाडा करू नये. कॅनडात २०२० मध्ये ११० जीर्ण रुग्णांवर झालेल्या अशाच चाचणीत असा फरक दिसला नव्हता. कोणाला, किती आणि केव्हापासून, हे अजून ठरते आहे. पण चालणे, खाणे आणि तंबाखू सोडणे यांत धोका फारसा नाही आणि खर्चही कमी आहे.

रक्तक्षय हा आपल्याकडचा पहिला मुद्दा. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ महिनोन्महिने थोडे थोडे रक्त सांडत राहते, ते डोळ्यांना दिसत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे गाठ होण्याआधीच अनेकींची शिल्लक संपलेली असते. सलाईनमधून लोह दिले की सगळे प्रश्न सुटतात असे नाही. ब्रिटनमधील २०२० च्या एका मोठ्या चाचणीत त्यामुळे रक्त चढवण्याची गरज किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, मात्र नंतर पुन्हा भरती होण्याचे प्रमाण घटले. तरीही रक्तक्षयाचे कारण शोधून, वेळ असताना तो भरून काढण्याचा प्रयत्न करणे हे आदल्या रात्री रक्ताच्या बाटलीसाठी धावाधाव करण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा आहाराचा. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे किंवा रक्तातील अल्ब्युमिन ३ च्या खाली असणे ही गंभीर कुपोषणाची खूण मानली जाते. अशा रुग्णाला ७ ते १४ दिवस पोषण देऊन मगच मोठी शस्त्रक्रिया करावी, अशी युरोपातील पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे. आपल्याकडे मात्र कर्करोग कळला की घरात प्रेमापोटी ताट हलके होते. पेज, मुगाचे पाणी, फळांचा रस. अंडी बंद, दूध बंद. रोज शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या माणसाला सुमारे ६० ते ७५ ग्रॅम. ती पेजेतून मिळत नाहीत. डाळ, अंडी, दही, पनीर, मासे यांतून मिळतात. आतड्याची वाट अरुंद झाली असेल तर चोथा टाळावा लागतो, म्हणून हे ताट आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे.

मग तंबाखू. धूम्रपान सोडून चार आठवडे झाले, तर फुप्फुसांच्या आणि जखमेच्या गुंतागुंती घटतात. नोंद घेताना केवळ ‘सिगारेट ओढता का’ असे विचारून भागत नाही. विडी, गुटखा, तपकीर आणि मशेरी यांची नावे घेऊन विचारावे लागते. वर्षानुवर्षे मशेरी लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही. मधुमेहाचेही तसेच. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. त्या सकाळची साखर १४० आली म्हणून समाधान मानू नये, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी निदानाच्या आठवड्यातच करावी. जादा असेल तर औषधे बदलायला तेव्हा वेळ असतो.

‘कॅन्सर पसरत असताना व्यायाम कसले करत बसता?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२० साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक चार आठवड्यांच्या विलंबाने मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरात सहा जादा मृत्यू असा नाही, असलेल्या धोक्यात तेवढी वाढ असा आहे. पण ती वाढ खरी आहे. म्हणून तयारीसाठी तारीख पुढे ढकलत राहणे हा उपाय नव्हे. अहवाल, मंजुरी आणि तारीख यांची वाट पाहण्यात जे दिवस तसेही जातात, ते वापरायचे. गुदाशयाच्या कर्करोगात अनेकदा आधी केमो-रेडिएशन असते, तिथे तर काही महिने मिळतात. आतडे बंद पडत असेल, फुटले असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर मात्र कोणतीही वाट पाहायची नसते.

जोखीम कळली की निर्णय बदलतो

मूल्यमापनाचा आणखी एक उपयोग आहे. त्यावरून ऑपरेशनचा बेतच बदलू शकतो. जोड गळण्याची शक्यता मोठी आणि तो गळल्यास रुग्ण तग धरणार नाही असे दिसत असेल, तर जोड न करता पोटावर कायमची पिशवी ठेवणे अधिक सुरक्षित ठरू शकते. गुदाशयाची गाठ केमो-रेडिएशनने पूर्ण विरघळली, तर ऑपरेशन न करता काटेकोर पाळत ठेवण्याचा मार्ग ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मधील आपल्या निकालांतून पुढे आणला. अशक्त रुग्णासाठी हा पर्याय निदान चर्चेत यायला हवा. आणि ऑपरेशन करायचेच ठरले, तर पहिल्या दोन-तीन रात्री रुग्ण कुठे असेल हेही आधी ठरवता येते.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत गंभीर आहे. ८२ देशांतील जवळपास १६ हजार कर्करोग रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत दगावण्याची शक्यता श्रीमंत देशांच्या तुलनेत गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत चौपटीहून अधिक होती. गुंतागुंतीच्या प्रमाणात मात्र एवढा फरक नव्हता. गुंतागुंत झाल्यावर ती वेळेत ओळखून रुग्णाला वाचवण्यात फरक होता. वाढलेली नाडी आणि श्वासाची गती रात्री दोन वाजता कोणीतरी पाहायला हवी. अशा देखरेखीच्या खाटा थोड्या असतात. त्या कोणाला द्यायच्या हे ओळखीवर आणि आरडाओरड्यावर न ठरता जोखमीवर ठरावे, यासाठी जोखीम आधी माहीत असावी लागते.

यात एक धोकाही आहे. ‘हाय रिस्क’ म्हणून रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवून द्यायचे आणि आपले निकाल चांगले ठेवायचे, हा मोह खरा आहे. त्यात रुग्ण तीन गावे फिरतो आणि शेवटी आतडे बंद पडून रात्री कुठेतरी दाखल होतो. यावर उतारा म्हणजे निकाल जोखमीच्या प्रमाणात मोजणे. ‘पॉसम’ मुळात त्यासाठीच, शस्त्रक्रियांच्या लेखापरीक्षणासाठी तयार झाले होते. कठीण रुग्ण हाती घेणाऱ्या सर्जनवर अन्याय होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

सही कोणाची?

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती आणि भानावर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते. प्रत्यक्षात ‘बाबांना कॅन्सर हा शब्द सांगू नका’ इथपासून आपली सुरुवात होते. त्या मायेचा आदर ठेवूनही म्हणावे लागते की ज्याला आजार ठाऊक नाही, तो चार आठवडे चालण्याचा व्यायाम कशासाठी करील? पोटावर पिशवी चालेल का, हे त्याच्याऐवजी दुसरे कोण ठरवणार? सांगण्याची रीतही सोपी हवी. ‘मॉर्टॅलिटी पाच टक्के’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्यासारख्या शंभर जणांचे हे ऑपरेशन केले, तर साधारण पाच जण महिनाभरात दगावतात, पंचाण्णव वाचतात’ हे कोणालाही कळते.

यासाठी नव्या इमारती नकोत. नियोजित आतडे शस्त्रक्रियेच्या प्रत्येक रुग्णाची निदानापासून आठवड्याच्या आत भूलतज्ज्ञाशी भेट व्हावी. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, एचबीएवनसी, वजनातली घट, सहा मिनिटांची चाल आणि तंबाखूची नोंद एका पानावर असावी. त्याच पानावर जोखमीचा आकडा आणि पुढच्या आठवड्यांत करायच्या गोष्टी मराठीत लिहून ते पान रुग्णाच्या हातात द्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांच्या शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये या भेटीचा आणि आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांच्या सेवेचा खर्च स्पष्टपणे धरावा. गर्दीच्या ओपीडीत सर्जनला वेळ नाही हे खरे. पण हे काम प्रशिक्षित परिचारिकेला करता येते आणि गळलेल्या जोडासाठी आयसीयूत जाणारे दिवस यापेक्षा कितीतरी महाग असतात.

तोवर वाचकांनीही आपल्या बाजूने एक करावे. घरात कोणाचे असे ऑपरेशन ठरले, तर तारीख विचारतानाच आणखी चार गोष्टी विचाराव्यात. आमच्या माणसाला नेमका धोका कशाचा आहे? शंभरात किती? तो कमी करण्यासाठी आजपासून आम्ही काय करू? आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री त्याच्याकडे कोण पाहणार आहे? हे प्रश्न डॉक्टरांवरच्या अविश्वासाचे नाहीत, चांगल्या डॉक्टरला ते हवेच असतात. फक्त ते आदल्या संध्याकाळी न विचारता पहिल्या भेटीतच विचारायला हवेत.